दुपारच्या झोपेतला धूर

दुपारी झोपलेल्या माणसाला स्वप्नात फार लांब जाता येत नाही. तो जिथे आडवा झालेला असतो तिथेच असतो. तीच बाज, तीच ओसरी, उशाशी तोच तांब्या. रात्रीचं तसं नाही. रात्रीच्या स्वप्नात मी मेलेल्या माणसांशी बोललो आहे, कधी न पाहिलेल्या गावांतून हिंडलो आहे, आणि सकाळी तोंड धुईपर्यंत त्यातलं बहुतेक विसरूनही गेलो आहे. दुपारचं स्वप्न आखूड असतं, पण ते चिकटून राहतं. त्यात बाहेरचं सगळं शिरतं. शेजारी कोणी लाकूड फोडत असलं तर आत कोणीतरी दार ठोकत असतं. ऊन सरकून पायांवर आलं की आत आपण चुलीपाशी बसलेले असतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुपारच्या झोपेत माणसाला आपण उठलो असंच स्वप्न पडतं. उठलो, पाणी प्यालो, राहिलेलं काम केलं. मग खरोखर डोळे उघडतात आणि काम तसंच पडलेलं असतं.

हे मी कुठे वाचून सांगत नाही. यावर मी अर्धं आयुष्य मनातल्या मनात विचार केला, कारण मला तो करावा लागला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, कुरखेड्याच्या बाजूला आमच्या गावाजवळच्या जंगलात मला भर दुपारी झोप लागली आणि एका बाईचं मोहाचं झाड जळालं. आग माझी होती. ती बाई मात्र पुढे आठ वर्षं समजत राहिली की झाड तिच्याच हातून जळालं. गावही तसंच समजलं. खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं, आणि मी गप्प होतो.

तिला मी मोठीमाय म्हणायचो. नात्यानं ती आमची कोणी नव्हती. रस्त्याच्या पलीकडे घर, वयानं आईपेक्षा मोठी, म्हणून मोठीमाय. सगळी आळीच तिला तशी हाक मारायची. नवरा लवकर गेलेला. एकुलती मुलगी सिंदेवाहीकडे दिलेली. थोडं धानाचं शेत आणि जंगलात एक मोह, एवढ्यावर ती उभी होती. जंगल सरकारचं, पण कोणता मोह कोणाच्या घरचा हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असायचं. दुसऱ्याच्या मोहाखाली कोणी टोपली घेऊन बसत नसे. आमचे तीन मोह होते. तिचा एकच, पण तो आमच्या तिन्हींना भारी होता. बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा, आणि बुडाशी एक ढोली, म्हणजे पोकळी, इतकी मोठी की लहानपणी मी तिच्यात बसून पाऊस चुकवला होता. त्या एका झाडाची फुलं वेचून, वाळवून ती मडक्यात भरून ठेवायची. पावसाळ्यात भाजून खायची, उकडून खायची, मुलगी आली की तिच्या पदरात बांधून द्यायची. “माहा मोह हाय तवरीक मले कोणाच्या दारात जायाचं काम नाई,” असं ती म्हणायची, आणि ते खरं होतं.

फुलं पडायला लागण्याआधी, फाल्गुनात, झाडाखालचा पाला जाळावा लागतो. नाहीतर पहाटे पडलेलं फूल पाल्यात दिसत नाही. या जाळण्याचा आमच्याकडे एक रिवाज होता. जाळायचं ते सकाळी, पाल्यावर दव असताना, हवा सुटायच्या आत. आधी झाडाभोवती पालवीच्या फांदीनं झाडून कडं मोकळं करायचं. मग कडेकडेनं आग लावत आत यायचं. आग विझली म्हणजे काम संपलं असं नाही. राख निवेपर्यंत तिथेच बसायचं, आणि निघताना राखेवर उघडा पंजा टेकवायचा. सबंध पंजा, बोटं पसरून, दहा आकडे मोजेपर्यंत. चटका बसला नाही तरच घरी जायचं. त्या दिवसांत सकाळी जंगलातून परतणाऱ्या माणसाचा उजवा तळवा काळा असे. विहिरीवर बाया एकमेकींचे तळवे बघून समजून घेत, हिचं जाळून झालं.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. शिक्षकाच्या ट्रेनिंगची परीक्षा तोंडावर होती. कंदिलाशी वाचत बसायचो आणि झोप कधीच पुरी होत नसे. त्या दिवशी आईला ताप होता. तिनं मला दिवस उगवताना हाक मारली.

“उठ नं बापा. आपले मोह जाळाचे राह्यले. सारं गाव जाळून राह्यलं.”

“उठतो ना.”

“दव हाय तवरीक जाय. मंग हवा सुटते.”

“हो म्हणलं ना माय.”

हो म्हणून मी पुन्हा झोपलो. तीसुद्धा तापात डोळा लागून पडली. मी उठलो तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. तिला उठवलं नाही. पाण्याचा डबा घेतला आणि मागच्या वाटेनं निघालो, म्हणजे रस्त्यावर कोणी “आता चालला का?” असं विचारायला नको. हीच पहिली लबाडी.

पहिले दोन मोह नाल्याच्या अलीकडे होते. तिथला पाला गुरांनी तुडवून बारीक केलेला होता, तो नुसता झाडून टाकला. तिसरा मोह नाल्यापलीकडे, मोठीमायच्या मोहापासून तीस-चाळीस पावलांवर. मी पोचलो तेव्हा तिचं जाळून झालेलं होतं. झाडाखाली काळं गोल अंगण पडलं होतं, धूर नव्हता, आणि ढोलीच्या समोर राखेत एक पंजा उमटलेला होता. लहान पंजा, करंगळी जरा वाकडी. तिची करंगळी धान कापताना विळा लागून वाकडी झालेली. मी तो पंजा पाहिला. हे नीट लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मी कडं झाडलं, पण पातळ झाडलं. आग लावली. पाला कडक वाळलेला, दव कधीच उडून गेलेलं. दोन घडींत सगळं काळं झालं. राख निवायची वाट पाहत मी थोड्या अंतरावर पळसाच्या सावलीत बसलो. खिशातून टिपणं काढली. दोन ओळी वाचल्या असतील.

मग मी उठलो, राखेपाशी गेलो आणि पंजा टेकवला. राख थंडगार होती, शेणानं नुकत्याच सारवलेल्या जमिनीसारखी. दहा मोजले. तळवा काळा झाला. बरं वाटलं. घरी आलो तर आई अंगणात धान उकडत होती. मोठं भगुणं चुलीवर, धूर सगळीकडे, ओली लाकडं तडतडत होती. डोळ्यांना धूर लागला. आई म्हणाली, “तू पड. मी पायतो चुलीकडं.” मी ओसरीवर पडलो. धूर वाढत गेला. आई दिसेना, पण ती तिथे आहे हे माहीत होतं, म्हणून मी निवांत होतो.

हे सगळं स्वप्न होतं. मी पळसाखालून हललोच नव्हतो.

रात्री झोपेत असा धूर नाकात गेला असता तर मी दचकून उठलो असतो की नाही, सांगता येत नाही. पण दुपारच्या झोपेचं मी नंतर पुष्कळदा पाहिलं. ती बाहेरचं काही अडवत नाही, सगळं आत घेते, आणि आत घेताना त्याला घरचं करून टाकते. धुराला चूल देते, तडतडीला ओलं लाकूड देते, आणि शेजारी आईला बसवते. उठायला काही कारणच उरत नाही. आणि मी तर थकलेला होतो. पुरत्या झोपेच्या माणसाला दुपारी नुसती डुलकी येते. ज्याची झोप तुटलेली आहे त्याला डोळा मिटताच स्वप्न धरतं.

जाग आली ती अंगावर हवा आली म्हणून. माझं पातळ झाडलेलं कडं ओलांडून आग मोठीमायच्या मोहाकडे सरकली होती. सागाची वाळलेली पानं जळत जळत उडत होती. मी पळसाची फांदी तोडली आणि झोडपत सुटलो. आग फार उंच नव्हती. तिच्या काळ्या अंगणाच्या कडेशी येऊन ती आपोआप थांबली. जळलेल्या जमिनीवर आगीला खायला काही नसतं. उरलेली मी झोडपून विझवली. मग राखेत पंजा टेकवून घरी आलो.

आई उठून बसली होती. तिनं आधी माझा तळवा पाहिला.

“जाळून आला?”

“हो.”

“सकाळीच गेलता ना?”

“सकाळीच.”

बस्स. एवढा एकच शब्द. पण तो आईच्या तोंडून गावात फिरला, आणि आईच्या तोंडून फिरला म्हणून तो खरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडाला गेलेल्या बाया धावत आल्या. मोठीमायच्या मोहातून धूर निघत होता. ढोलीतून नव्हे, वर, फांद्यांच्या बेचक्यातून, धुराड्यातून निघावा तसा. आतल्या आत झाड पेटलं होतं. पोकळ मोह असा पेटला की बाहेरून हिरवा दिसतो आणि आत भट्टी असते. बायांनी नाल्यातून ढोलीपर्यंत रांग लावली. हंडे, घागरी, डबे. मीही रांगेत होतो. सगळ्यांत जास्त पाणी मी वाहिलं. ढोलीत ओतलेलं पाणी फस्स करून वाफ व्हायचं. आग मात्र वर, जिथे कोणाचा हात पोचत नव्हता तिथे. तीन दिवस झाड असं जळत राहिलं. त्याला कळ्यांचे घोस लागलेले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यातली काही फुलं उमलून पडलीसुद्धा. मोठीमायनं ती वेचली. चौथ्या दिवशी दुपारी झाड बुडापासून मोडून पडलं. आवाज गावात ऐकू आला.

नाकेदार आला, म्हणजे त्या भागाचा फॉरेस्टचा शिपाई. चांगला माणूस होता, गावातल्या बायकांना ताई-माई म्हणायचा. त्यानं पाहणी केली आणि सगळ्यांच्या मनात होतं तेच बोलला.

“माई, मधला पाला जळला हाय, पण बाहेरची आग राखेवरून चालत येत नाई. हे तुमच्याच जाळण्यातलं हाय. ढोलीत इंगळ राह्यला असंन.”

“मी हात टेकवला होता जी,” मोठीमाय म्हणाली. “साऱ्याईनं पाह्यला माहा हात. विहिरीवर पाह्यला.”

“हात राखेत टेकवला. ढोलीत टेकवला का?”

बायांत कोणी हसलं. एकीनं म्हटलं, “मोठीमाय, घोरली असंन वं तू राखणीले बसली तं. वय झालं आता.”

“मी घोरली नाई.”

“अवं, बसल्या बसल्या डोळा लागते, समजत बी नाई. माही सासू तं जेवता जेवता झोपते. घास हातातच.”

आता सगळेच हसले. माझी आई हसली नाही, पण ती म्हणाली, “माह्या पोरानंबी तिथीच बाजूले जाळलं. सकाळीच जाळून आला, कुठी काई नाई झालं.” ती मोठीमायला दुखवायला बोलली नव्हती. तापातून उठलेली, मुलगा वेळेवर उठून गेला याचंच तिला कौतुक. मोठीमायनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “त्याचं चांगलंच हाय,” ती म्हणाली. “तो तरणा हाय.”

मी तिथे उभा होतो. तोंड उघडायला त्याहून बरी जागा पुन्हा मिळाली नाही. आई खोटी पडेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मी खोटा पडलो असतो.

त्यानंतर मी जे पाहिलं ते झाड पडण्यापेक्षा वाईट होतं. झाड चार दिवसांत गेलं. मोठीमायचा स्वतःवरचा भरवसा जायला वर्षभर लागलं. आधी ती ठामपणे म्हणायची, “मी विझवली होती.” मग म्हणू लागली, “हात तं टेकवला होता मी.” मग, “असंन बापा, ढोलीत नाई पाह्यलं.” आणि पुढच्या फाल्गुनात विहिरीवर कोणा नव्या सुनेला ती समजावत होती, तेव्हा मी माझ्या कानांनी ऐकलं: “नीट राखत जाजो वं. मी घोरली अन् माह्याच हातानं माहा मोह जाळला.” ती घोरली नव्हती. लोकांनी दिलेली झोप तिनं अंगावर घेतली होती, आणि ती झोप माझी होती.

तेव्हापासून ती दुपारी पडायची नाही. उन्हाळ्यात सगळं गाव आडवं झालेलं असताना ती दारात बसून धान्य निवडत राहायची, दोर वळत राहायची. कोणी गंमत करायचं, “मोठीमाय, पड ना थोडी.” ती म्हणायची, “एक डाव पडली, पुरलं.”

आईनं आमच्या तीनपैकी एका मोहाखाली तिला वेचू दिलं. टोपली तिच्या घरी पोचवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. ती मला वाटीत भाजलेली मोहफुलं द्यायची, जवसाबरोबर कुटलेली. “तुह्यावानी पोरगं पाह्यजे,” म्हणायची. मी ती खायचो. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खाली मान घालून खाणाऱ्याला लोक विनयी समजतात.

विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज खाली यायचा. माझ्या पुढे ती बसलेली असायची. तिचा आवाज मात्र शेवटपर्यंत सारखा.

नंतर मला नोकरी लागली ती जिवतीच्या डोंगरात. एका खोलीची शाळा, शाळेच्या ओसरीतच राहणं. उन्हाळ्यात सकाळची शाळा, आणि दुपार सगळी मोकळी. सोबतचे गुरुजी जेवण झालं की चटई टाकायचे. मी बसून राहायचो. ते म्हणायचे, “अहो गुरुजी, पडा की. दुपारी वाघ येणार हाय का तुमच्याकडे?” मी हसायचो. पण कधीकधी भिंतीला टेकल्या टेकल्या डोळा लागायचाच, आणि मग तेच. मी स्वप्नात उठायचो, शाळेच्या अंगणात राख असायची, तिच्यावर पंजा टेकवायचो आणि राख थंड असायची. समाधान वाटायचं. जाग आली की तळवा पाहायचो. तो स्वच्छ असायचा. ते स्वच्छ असणं सहन व्हायचं नाही. कितीतरी वेळ कळायचं नाही की ही सकाळ आहे की संध्याकाळ, आणि छातीवर कोणी बसून उठून गेल्यासारखं वाटायचं.

रात्री मला राख कधी दिसली नाही. रात्रीच्या स्वप्नात मोठीमायचा मोह उभा असायचा, फुलांनी लवलेला, ढोली धड. कधी आई त्याखाली असायची, कधी मी लहान. मला वाटतं, रात्रीची झोप खोल नेते आणि खोल कुठेतरी माणसाला जे हवं असतं ते तिथे साबूत असतं. दुपारची झोप उथळ. ती वरच्यावर जे तरंगत असतं तेच ढवळते. माझं वरच्यावर काय होतं ते मला ठाऊक होतं. मी या दोन्हींची वही कधी केली नाही. लिहिलं असतं तर कोणाला सापडलं असतं.

आई गेली. ती शेवटपर्यंत तोच एक शब्द खरा मानून गेली. दशक संपत आलं होतं. आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गावात आलो, सगळे पाहुणे परत गेले, आणि दुपारी मी रस्ता ओलांडून मोठीमायच्या घरी गेलो. ती दारात बसून दोर वळत होती. खूप वाळली होती. डोळ्यांत मोतीबिंदू. मी समोर जमिनीवर बसलो.

“मोठीमाय, तुले एक सांगाचं हाय.”

“सांग ना.”

“तुहा मोह माह्या आगीनं जळाला.”

तिचे हात थांबले नाहीत. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मी सगळं सांगितलं. उशिरा गेलो, कडं पातळ झाडलं, पळसाखाली झोप लागली. आईला सकाळीच म्हणून सांगितलं. स्वप्नात राखेवर हात टेकवला तेही सांगितलं. आणि शेवटी, जे सांगायला मी खरं तर गेलो होतो ते: “मी गेलो तवा तुही राख थंडी होती. धूर नव्हता. ढोलीपुढं तुह्या हाताचा पंजा होता. करंगळी वाकडी. मी पाह्यला.”

आता तिचे हात थांबले.

“पंजा होता?”

“होता.”

“तं मी विझवली होती.”

“हो.”

“मी विझवली होती,” ती पुन्हा म्हणाली. तिनं उजवा हात डोळ्यांसमोर धरला, वाकडी करंगळी चाचपली. “मी घोरली नोती ना?”

“नाई. मी घोरलो.”

ती उठली. कशी उठली कोण जाणे, काठीसुद्धा घेतली नाही. दाराबाहेर जाऊन तिनं शेजारच्या घराकडे हाक दिली, “ये वं! इकडं ये! आयक हा काय म्हणते ते!” शेजारची बाई आली, तिची सून आली, आणखी एक म्हातारी आली, तीच, जिची सासू जेवता जेवता झोपायची. “सांग,” मोठीमाय मला म्हणाली. “मले सांगतलं तसंच सांग.” मी सांगितलं. माझ्यापेक्षा वयानं लहान असलेली सून पदर तोंडाशी धरून ऐकत होती. ती म्हातारी म्हणाली, “मास्तर होऊन असं करतेत का रे?” मी म्हटलं, “तवा मास्तर नोतो.” ती म्हणाली, “आता तं कितीक वर्षांपासून हायेस.”

बाया गेल्या. संध्याकाळपर्यंत गावभर होणार हे मला माहीत होतं, आणि तसंच झालं. मोठीमाय बाजेवर बसली. मला वाटलं, आता ती बोलेल, शिव्या देईल. ती म्हणाली, “झोपेले कोण काय करंन बापा? झोप का कोणाच्या हातची हाय?” थोड्या वेळानं म्हणाली, “तुही माय नाई आता. ती असती तं तिलेबी सांगतलं असतं मी.” मग तिनं पाय वर घेतले, डोक्याखाली हात घेतला आणि आडवी झाली. भर दुपारी.

“दार लावू का?” मी विचारलं.

“नोको. उघडंच राहू दे. पाहू दे कोणाले पाह्याचं तं.”

आणि ती झोपली. आठ वर्षांत पहिल्यांदा, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसावं अशी. मी उंबऱ्याशी उभा होतो. तिच्या पापण्यांखाली डोळे हलत होते. स्वप्न पडत असावं. माझ्या तोंडात अजून एक वाक्य होतं. झोपलेल्या माणसाला उठवू नये, असं म्हणून मी रस्ता ओलांडून घरी आलो. दुसऱ्या दिवशी माझी बस होती. दोन वर्षांनी मोठीमाय गेली. तिनं मला झोपेची माफी दिली होती, आणि ती मी घेऊन टाकली.

तिला सांगताना मी जे गाळलं, ते वरती लिहितानाही गाळलं आहे. पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं. आता लिहितो.

आग झोडपून झाल्यावर मी मोठीमायच्या मोहाकडे पाहिलं. उडालेलं एखादं सागाचं पान आत गेलं असावं. ढोलीतून धुराची एक रेघ निघत होती. दोऱ्याइतकी बारीक. माझ्या डब्यात अर्धं पाणी होतं. ढोली वीस पावलांवर होती. माझी स्वतःची राख अजून गरम होती, पंजा टेकत नव्हता, आणि काळा तळवा घेतल्याशिवाय मला घरी जाता येणार नव्हतं. मी दोन्हींकडे पाहिलं. मग ते पाणी माझ्या राखेवर ओतलं, पंजा टेकवला आणि दहा मोजले.

झोप त्याआधीच संपली होती. मी पुरता जागा होतो.